गुडघ्याखाली जयपूर फूट आहे, सायकल चालवता येईल का?

हो, येईल. गुडघा शाबूत आहे ही मोठी जमेची बाजू. खरी अडचण पेडल वर येताना होते: गुडघा पूर्ण वाकला की सॉकेटची, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीची, मागची कड मांडीत रुतते. पाय बसवणाऱ्याला सांगून ती कड थोडी उतरवून घ्या. तरीही रुतली तर त्या बाजूला आखूड क्रँक (पेडल जोडलेला दांडा) लावा, नेहमीच्या १७० ऐवजी १५० मिमीचा. गुडघा कमी वाकतो. कृत्रिम घोटा ढकलत नाही, म्हणून पेडल चवड्याखाली न ठेवता तळव्याच्या मध्याखाली ठेवा. पाऊल घसरत असेल तर सैल पट्टा पुरे. बूट पेडलला अडकवणारे क्लीट सुरुवातीला नकोतच, पडताना पाय सुटत नाही. उतरताना टेकवायचा तो चांगलाच पाय!