कंसातले वजा तीन

समुपदेशक म्हणून काम करताना गेल्या काही वर्षांत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांकडून एक तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की, वाक्य निम्म्यावर आले की उरलेले मला सांगता येते. समीकरणे सुटतात, एखाद्या फलनाचा (फंक्शनचा, म्हणजे एका आकड्यावरून दुसरा आकडा देणाऱ्या नियमाचा) साधा आलेखही काढता येतो. पण तोच आलेख सरकवा, ताणा, उलटवा असे म्हटले की हातातले सगळे निसटते. कंसात एक्स वजा तीन असताना आलेख उजवीकडे का जातो, आत दोनने गुणल्यावर तो दुप्पट रुंद होण्याऐवजी निम्मा का होतो, हे प्रश्न गणिताचे आहेत आणि त्यांची उत्तरेही गणितातच आहेत. माझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत मात्र मुलांनी त्या प्रश्नांचे रूपांतर स्वतःविषयीच्या निकालात केलेले असते.

पुढची हकिगत एका मुलीची म्हणून सांगत असले, तरी तिच्यात दोघा-तिघांचे तपशील मिसळले आहेत आणि सहा भेटी मोजक्या संवादांत बसवल्या आहेत.

ती आली तेव्हा तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर आठ नियमांचा एक तक्ता होता. कंसाबाहेर अधिक असेल तर वर, वजा असेल तर खाली. कंसाच्या आत अधिक असेल तर डावीकडे, वजा असेल तर उजवीकडे. पुढे गुणाकार आणि प्रतिबिंबे. प्रत्येक नियमाला वेगळा रंग दिलेला होता. मी विचारताच तिने आठही नियम एका दमात म्हणून दाखवले.

“मग अडचण कुठे येते?” मी विचारले.

“पाठ आहेत, पण खरे वाटत नाहीत. मला जे वाटतं त्याच्या उलट लिहिलं की उत्तर बरोबर येतं. म्हणून आता मी आधी मला काय वाटतंय ते बघते आणि त्याच्या उलट लिहिते.”

“आणि ते जमतं?”

“आतल्या गोष्टींना जमतं. बाहेरच्यांना मग तेच चुकतं.” थोडे थांबून ती म्हणाली, “माझं डोकंच उलटं चालतं, मॅडम. आणि तेही भरवशानं नाही.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडायला घेतलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीत माझी घडण झाली आहे आणि ते मी लपवत नाही. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याविषयी आपण स्वतःशी केलेले विधान माणसाला अधिक छळते, असे ही विचारसरणी मानते. त्यामुळे “माझं डोकंच उलटं चालतं” हे विधान ऐकल्यावर त्याला पुरावा काय, असे विचारण्याची माझी सवय आहे. या मुलीकडे पुरावा होता, आणि तो वहीभर होता. अशा वेळी धीराचे चार शब्द कितीही मनापासून बोलले तरी पोकळच ठरतात. पुराव्याचा अर्थ बदलायचा तर आलेखाच्या कागदावरच बसावे लागणार होते. पदवीपर्यंत माझा विषय गणित होता, ही गोष्ट अशा वेळी उपयोगी पडते.

पहिला प्रयत्न मात्र माझ्यामुळेच फसला. सोपे म्हणून मी वाय बरोबर एक्स ही सरळ रेषा निवडली आणि एक्स अधिक तीन ही रेषा तिला काढायला सांगितली. तिने ती काढली, बराच वेळ पाहिली आणि विचारले, “ही तीननं वर गेली की तीननं डावीकडे गेली?” दोन्ही उत्तरे बरोबर होती. त्या रेषेत वर जाणे आणि डावीकडे जाणे वेगळे दिसूच शकत नाही, म्हणजे जो भेद दाखवायचा होता तो लपवणारेच उदाहरण मी निवडले होते. एक्सच्या वर्गाच्या आलेखाचेही थोडेफार असेच आहे. तो दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे उभ्या अक्षात उलटवला तरी जागचा हलत नाही, आणि कंसात एक्सऐवजी दोन एक्स घातले की वर्ग चौपट होतो. त्यामुळे आलेख आडवा निम्म्याने दाबला गेला की उभा चौपट ताणला गेला, हे नुसते पाहून कुणालाच सांगता येत नाही. या विषयाची सुरुवात बऱ्याचदा नेमकी याच दोन आलेखांनी केली जाते, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

पुढच्या भेटीत मी मुद्दाम एक वेडावाकडा आलेख काढला. तो शून्यापाशी शून्य उंचीवर सुरू होत होता, हळूहळू चढत चारपाशी दोन उंचीच्या शिखरावर पोहोचत होता आणि मग झपकन उतरून सहापाशी पुन्हा शून्यावर येत होता. त्याला सूत्र नव्हते. “याचं नाव एफ,” मी म्हटले, “आणि आता मला एफ(एक्स − ३) हवा आहे. तुझा तक्ता मिटून ठेव.”

“तक्ता नसेल तर मी डावीकडे नेईन.”

“ने. शिखर कुठे आलं?”

“एकवर.”

“मग एक्सच्या जागी एक घालून बघ. कंसात काय येतं?”

“वजा दोन.” ती थांबली. “वजा दोनला तर आलेखच नाहीये.”

“शिखर हवं असेल तर कंसात किती यायला हवेत?”

“चार. म्हणजे एक्स सात.” तिने सातवर टिंब दिले. मग न सांगता सुरुवातीचे टिंब तीनवर आणि शेवटचे नऊवर दिले. ती तिन्ही टिंबे तिच्या तक्त्याशी जुळत होती. तरीही तिचा चेहरा उजळला नाही. उत्तर पटले होते, पण सात म्हणजे उशिरा, वजा म्हणजे कमी, आणि कमी केल्यावर उशीर का व्हावा, ही तिची कुरकुर संपलेली नव्हती. अशी कुरकुर मला शुभलक्षण वाटते. हिशोब बरोबर आला तरी मन तयार होत नाही, तेव्हा समजून घेण्याची भूक जिवंत असते. ती भूक दाबून टाकणाऱ्या मुलांची मला जास्त काळजी वाटते.

चौथ्या भेटीत जे घडले त्याचे श्रेय माझे नाही, निदान पूर्णपणे नाही. एफ(२एक्स) वर आम्ही अडलो होतो. शिखर दोनवर येते हे तिने कंसात चार आणून काढले होते, पण “दोननं गुणून निम्मं कसं होतं?” हे ती पुन्हा पुन्हा पुटपुटत होती. अभ्यास कसा करतेस, असे मी सहज विचारले, तेव्हा रेकॉर्ड केलेले शिकवणीचे तास दुप्पट वेगाने ऐकते, असे ती म्हणाली, आणि बोलता बोलताच थबकली.

“दुप्पट वेगानं लावला की तास निम्म्या वेळात संपतो.”

मी काहीही बोलले नाही. समुपदेशकाला शिकावी लागणारी सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे, आणि त्या दिवशी ती मला जमली, याचे थोडे समाधान आजही वाटते. तिने माझ्या वेड्यावाकड्या आलेखावर बोट ठेवले. “हा एक तास समजा. आडव्या रेषेवर घड्याळ. कंसात जे येतं ते म्हणजे तासातलं कितवं मिनिट चालू आहे. घड्याळात दोन मिनिटं झाली तेव्हा तासातलं चौथं मिनिट चालू आहे, म्हणून शिखर लवकर आलं.” मग बोट मागच्या पानावरच्या एक्स वजा तीनकडे गेले. “आणि इथं घड्याळात सात आहेत, पण तास अजून चौथ्याच मिनिटावर आहे. म्हणजे तो तीन मिनिटं उशिरा लावला. उशिरा लावला तर सगळंच उशिरा होणार. उजवीकडेच जाणार ना!”

त्या “ना” मध्ये जी ठसठशीत खात्री होती, ती पहिल्या भेटीतल्या आठ रंगीत नियमांत कुठेच नव्हती. तिचे डोके उलटे चालत नव्हते. कमी केले की मागे जायचे, हे तिला वाटत होते ते खरेच होते. फक्त मागे पडत होते ते तासातले मिनिट, म्हणजे कंसातली किंमत, आणि ती मागे पडल्यामुळेच चित्र पुढे सरकत होते. कंसाबाहेरचे गणित मिनिटांना हात लावत नाही, उंचीला लावते, म्हणून तिथे मनात येते तसेच घडते. आवाज दुप्पट केला म्हणून तास लवकर संपत नाही.

कसोटी पाहण्यासाठी मी एफ(२एक्स − ६) दिले. बहुतेक मुले इथे हमखास चुकतात: आधी निम्मे करतात आणि मग सहाने सरकवतात. तिनेही सवयीने शिखर दोनवरून आठवर नेले. पण मग स्वतःच एक्सच्या जागी आठ घालून पाहिले. “कंसात दहा आले. तास तर सहाव्या मिनिटालाच संपलाय.” दोन मिनिटे शांततेत गेली. “शून्यावं मिनिट घड्याळाच्या तीनला आहे. म्हणजे तिसऱ्या मिनिटाला लावला आणि दुप्पट वेगानं पळवला. शिखर पाचवर, शेवट सहावर.” आधी सहाने सरकवून मग सगळे निम्मे केले तरी हीच जागा मिळते, हेही तिने पडताळून पाहिले.

तेव्हाच तिने विचारले की, हे कंसातले प्रकरण काढले कुणी. गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी १७३४च्या सुमारास एफ आणि कंस ही खूण वापरली, असे मी सांगितले, आणि त्या खुणेच्या पहिल्या ज्ञात वापरात कंसात नुसता एक्स नव्हता, एक्स भागिले ए, अधिक सी होते, हेही सांगितले. “म्हणजे पहिल्या दिवसापासूनच आत गडबड होती,” ती म्हणाली आणि मनमोकळी हसली.

पालकांना आणि शिक्षकांना मला यातून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मुलाला नियम पाठ आहेत की नाहीत याची चौकशी थोडी मागे ठेवावी आणि नियम खरा वाटतो का, हे आधी विचारावे. “उलट असतं, एवढं लक्षात ठेव,” हे वाक्य तर शक्यतो टाळावेच, कारण त्यातून मूल आपल्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकते आणि तो अविश्वास पुढच्या प्रकरणांतही त्याच्यासोबत जातो. सूत्र नसलेला, दोन्ही बाजूंनी वेगळा दिसणारा आलेख घ्यावा, त्यावरचे तीन-चार ठळक बिंदू निवडावेत आणि प्रत्येकासाठी एकच प्रश्न विचारावा: कंसात ही जुनी किंमत येण्यासाठी एक्स किती हवा? बाहेरच्या क्रियांसाठी एका बिंदूची उंची धरून क्रमाने हिशोब करावा. उंची पाच असेल, तर दुप्पट करून तीन मिळवल्यावर तेरा येतात आणि तीन मिळवून दुप्पट केल्यावर सोळा. क्रम का महत्त्वाचा, यावर लांबलचक व्याख्यान देण्यापेक्षा हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत.

तासाच्या उदाहरणालाही मर्यादा आहे, हे मी त्या मुलीला सांगितले होते. तास शून्यापासून सुरू होतो, फलन मात्र उणे बाजूलाही पसरलेले असू शकते, आणि आलेखाची उंची शून्याखाली गेली की आवाजाची उपमाही लंगडी पडते. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. उपमा सोडून द्यायची तिची तयारी नव्हती, आणि मीही आग्रह धरला नाही.

शेवटच्या भेटीत ती स्वतःच एक गणित घेऊन आली: एफ(६ − २एक्स). रंगीत तक्त्याचे पान वहीत अजून होते, पण तिने ते उलटून पाहिले नाही. समासात तिने शून्य, चार आणि सहा असे तीन आकडे एकाखाली एक लिहिले, त्यांच्यासमोर तीन, एक आणि शून्य लिहिले, मग तीन टिंबे देऊन ती जोडली. झपकन चढणारा आणि हळूहळू उतरणारा आलेख कागदावर आला.

“हा तास शेवटाकडून सुरुवातीकडे चाललाय,” ती म्हणाली, “दुप्पट वेगानं.” आणि तिने पुढचे गणित काढायला घेतले.