वजा चिन्हानंतरचा कंस

ताई, मुलाचं उत्तर पुस्तकाशी का जुळत नाही असं विचारताना त्याची वही जशीच्या तशी टाकलीत ते फार बरं केलंत. उदाहरण ६/(क्ष²−९) − १/(क्ष−३). त्याचं उत्तर (९−क्ष)/(क्ष²−९), पुस्तकातलं −१/(क्ष+३). समान छेद त्यानं बरोबर आणलाय. चूक एका ओळीत आहे, आणि ती ओळ त्यानं वहीत लिहिलेलीच नाही.

क्ष²−९ चे अवयव (क्ष−३)(क्ष+३). म्हणून दुसऱ्या अपूर्णांकाचा अंश आणि छेद दोन्ही (क्ष+३) ने गुणायचे. मग दोन्हींचा मिळून अंश होतो ६ − (क्ष+३). त्यानं कंस न घालता थेट ६ − क्ष + ३ लिहिलं. वजा चिन्ह नुसत्या क्षचं नाही, अख्ख्या अंशाचं आहे. कंस सोडवला की ३ − क्ष येतं. जुळे सोलापुरात मी शिकवणी घेतो, तिथं ही ओळ कुणालाच गाळू देत नाही, हुशार मुलांना तर अजिबात नाही. तीच ती तोंडी करायला जातात.

आता (३−क्ष)/((क्ष−३)(क्ष+३)). पुष्कळ जण इथंच थांबतात, पण ३−क्ष म्हणजे −(क्ष−३). ते खालच्याशी उडतं आणि −१/(क्ष+३) उरतं. सोबत लिहायला सांगा: क्ष ३ नाही आणि −३ही नाही. मूळ उदाहरणात त्या किमतींना छेद शून्य होतो. त्यातली ३ ची अडचण शेवटच्या उत्तरात दिसतसुद्धा नाही.

छेदांचा लसावि (लघुतम साधारण विभाज्य) कशाला, सरळ त्यांचा गुणाकार का नको, असं तो विचारतोय. चालतो की! फक्त अंशात −क्ष²+६क्ष−९ येईल, म्हणजे −(क्ष−३)², आणि पुन्हा अवयव पाडत बसावं लागेल.

पडताळा मात्र रोज करायला लावा. क्ष = ४ ठेवा: मूळ उदाहरण ६/७ − १ = −१/७. पुस्तकाचं उत्तरही −१/७. त्याचं ५/७. चूक त्याची त्यालाच सापडेल.

आणि ‘हे शिकून काय करू’ म्हणाला ना, तर हे द्या. सोलापूर ते पंढरपूर साधारण ७० किमी धरा. वेग ताशी क्ष किमीवरून १० ने वाढवला तर वाचणारा वेळ ७०/क्ष − ७०/(क्ष+१०), म्हणजेच ७००/(क्ष(क्ष+१०)) तास. क्ष ४० असेल तर २१ मिनिटं. क्ष ६० असेल तर किती वाचतात ते त्याला काढू द्या, आणि कमी का वाचतात हे त्यालाच छेदाकडे बघून सांगू द्या.