बावखल बुजवलं तर पाप लागतं का?

प्रश्न: फादर, आमच्या घरामागे बावखल आहे. वसईकरांना सांगायला नको पण बाकीच्यांसाठी, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं जुनं तळं, पूर्वी त्यावर रहाट होता म्हणे. आता नुसती जलपर्णी आणि लोकांनी फेकलेल्या पिशव्या. दीर म्हणतात भरणी टाकून बुजवू, चार गाड्या तरी उभ्या राहतील. मी नको म्हटलं तर म्हणाले जागा आपली, सातबारा आपला, आणि बायबलमध्येच लिहिलंय की देवाने माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली. सासरे पण म्हणतात चर्चने प्रार्थनेचं बघावं, झाडापाण्यात कशाला पडावं. खरंच पाप आहे का हे?
— एक सून, वसई

उत्तर: ताई, पाप म्हटलं की दीर शनिवारी कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, करून सोमवारी डंपर बोलावतील, म्हणून तो शब्द जरा बाजूला ठेवू.

सत्तेचं वाक्य बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे, खरंय. पण पान उलटलं की दुसऱ्या अध्यायाच्या १५व्या वचनात देव माणसाला बागेत ठेवतो ते मशागत आणि राखण करायला. केळीच्या वाडीत वाढलेल्या माणसाला राखण म्हणजे काय ते मी काय शिकवू. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' परिपत्रकात नेमकं हेच वचन पुढे केलंय, सत्ता म्हणजे ओरबाडायचा परवाना नाही म्हणून.

आता सातबारा. मालकी चर्च नाकारत नाही, १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे कामगारांची बाजू घेतात तेव्हा पण मालकीहक्क मानतातच. पण कर्ज काढलं की सातबाऱ्यावर बोजा चढतो ना, तसं पोप जॉन पॉल दुसरे १९८७ मध्ये लिहितात की खाजगी मालमत्तेवर समाजाचं गहाण आहे. तुमचं बावखल पाणी जिरवतं ते कुंपण बघून जिरवत नाही हो, शेजाऱ्याच्या विहिरीला पण तेच पोचतं, आणि समुद्राकाठी जमिनीतलं गोडं पाणी घटलं की खारं आत शिरतं, मग ज्यांना परवडतं ते टँकर मागवतात आणि ज्यांना नाही परवडत त्यांच्या घरातल्या बायका हंडे घेऊन उभ्या. यातलं पर्यावरण कुठलं आणि न्याय कुठला, मला तरी वेगळं काढता येत नाही.

सासऱ्यांना आपल्या वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची आठवण करून द्या. टँकरवाले विहिरी उपसत होते तेव्हा हरित वसईचं आंदोलन त्यांनी उभं केलं, म्हणून मिसा, म्हणजे चर्चमधल्या उपासना, काय चुकवल्या नाहीत.

दीरांशी भांडू नका. मे महिन्यात गाळ आणि जलपर्णी काढून घ्या, निम्मी तक्रार वासाची आणि डासांचीच असणार. आणि चार गाड्यांपैकी घरच्या किती तेही विचारा एकदा.