दोन महासागरांमधला कालवा : पैसा कोणाचा, हुकमत कोणाची?

प्रश्न : पनामाचा कालवा १९१४ साली खुला झाला, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवले, परंतु त्यापूर्वी तो कोणाच्या पैशाने बांधायचा आणि त्यावर हुकमत कोणाची चालायची, यासंबंधी कोणत्या योजना पुढे आल्या होत्या? आमच्याकडे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, तसा भाग (शेअर) विकून हा कालवा उभा करता आला नसता का?
— एक निवृत्त शिक्षक, संकेश्वर

उत्तर : आपण दिलेले साखर कारखान्याचे उदाहरण या विषयाच्या गाभ्यालाच हात घालते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. कारखान्याचा भाग घेणाऱ्या शेतकऱ्याला पहिला गळीत हंगाम सुरू होईपर्यंत धीर धरावा लागतो. पण कारखाना कोणत्या कायद्याखाली चालणार आणि तंटा झाल्यास दाद कोठे मागायची, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. मध्य अमेरिकेतल्या कालव्याच्या बाबतीत नेमके हेच ठरत नव्हते, कारण जमीन एका देशाची, भांडवल दुसऱ्या देशाचे आणि जहाजे साऱ्या जगाची होती.

त्यात आणखी एक अडचण होती. आपल्याकडे घटप्रभा नदीवर हिडकलचे धरण होण्याच्या कितीतरी आधीपासून धुपदाळच्या बंधाऱ्याचे पाणी शेतांना मिळत होते. पाटबंधाऱ्याचा कालवा जितका खणून होतो, तितका उपयोगी पडतो. न्यूयॉर्क राज्याने सरकारी कर्जरोखे विकून बांधलेला ईरी कालवाही १८२५ साली पूर्ण होण्यापूर्वीच तयार भागांवर जकात मिळवू लागला होता. दोन समुद्र जोडणारा कालवा मात्र शेवटचा हात फिरेपर्यंत एक पैसा देत नाही.

ईरीच्या यशामुळेच पहिली ठोस योजना आली. १८२५ साली मध्य अमेरिकेच्या संघराज्याने अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री क्ले यांच्याकडे निकाराग्वातून जाणाऱ्या कालव्यासाठी सहकार्य मागितले आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ॲरन पामर यांच्याशी करार केला. ईरी कालव्याचे कर्ते डी विट क्लिंटन पामर यांच्या कंपनीत सामील झाले होते, तरीही न्यूयॉर्कमध्ये किंवा लंडनमध्ये पुरेसे भांडवल जमले नाही. त्यानंतर नेदरलँड्सचे राजे पहिले विल्यम यांच्या आश्रयाने दुसरी योजना तयार झाली. ती १८३० च्या बेल्जियन क्रांतीत बुडाली.

पैसा जमला नाही, पण त्याच काळात कारभाराविषयीचा एक मोठा विचार कागदावर उतरला. १८२६ साली पनामा येथे भरणाऱ्या अमेरिका खंडातल्या राष्ट्रांच्या परिषदेसाठी आपल्या प्रतिनिधींना सूचना देताना क्ले यांनी लिहिले की, असा कालवा झालाच तर त्याचा लाभ कोणा एका राष्ट्राने आपल्यापुरता राखू नये. वाजवी जकात भरणाऱ्या सर्वांना तो मिळावा. या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ती हीच.

हा विचार व्यवहारात आणण्याचा खरा प्रयत्न १८४९-५० मध्ये झाला. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यामुळे वाहतूक अचानक वाढली होती. अमेरिकेतले आगबोटींचे मोठे व्यावसायिक कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांच्या कंपनीने ऑगस्ट १८४९ मध्ये निकाराग्वाकडून परवाना घेतला, त्यात बारा वर्षांत कालवा पूर्ण करण्याची अट होती आणि सरकारला दरवर्षी १०,००० डॉलर, शिवाय नफ्यातला वाटा मिळायचा होता. परंतु कालव्याचे पूर्वेकडचे तोंड जेथे येणार होते, ते सान हुआन देल नोर्ते बंदर १८४८ पासून ब्रिटिशांच्या ताब्यात होते. ज्या वाटेचे दार दुसऱ्याच्या हातात आहे, त्या वाटेवर सावकार पैसा कसा लावील? म्हणून एप्रिल १८५० मध्ये क्लेटन-बुल्वर करार झाला. कालव्यावर एकट्याचा ताबा मिळवायचा नाही आणि तेथे तटबंदी उभारायची नाही, असे अमेरिका व ब्रिटन यांनी एकमेकांना वचन दिले. गुंतवलेले भांडवल सुरक्षित राहावे म्हणून दोघांनी कालव्याच्या तटस्थतेची हमी घेतली. मात्र चालवणाऱ्यांनी एका देशाच्या व्यापाराला झुकते माप दिले किंवा जाचक जकात बसवली, तर सहा महिन्यांची सूचना देऊन ही हमी काढून घेण्याची मुभाही ठेवली. कंपनीचे भांडवल आणि कंपनीची वागणूक एकाच कलमात बांधणारी ही तरतूद मला अत्यंत विचारपूर्वक केलेली वाटते.

तरीही कालवा झाला नाही. व्हँडरबिल्ट यांनी नदी व सरोवरातून आगबोटी आणि पुढे रस्ता असा प्रवासी मार्ग सुरू केला, नफ्याच्या हिशोबावरून सरकारशी वाद झाला आणि १८५६ साली परवाना रद्द झाला. पनामातली रेल्वे मात्र १८५५ साली पूर्ण झाली. अर्धवट रुळांवरून प्रवासी नेऊनही तिला कमाई होत होती, हे वर सांगितलेल्या अडचणीचे उलट टोक आहे.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. भाग विकून पनामात कालवा बांधण्याचा प्रयत्न खरोखरच झाला. १८८० साली सुएझ कालव्याचे कर्ते फर्डिनांड द लेसेप्स यांच्या कंपनीने ५०० फ्रँकचा एक याप्रमाणे सहा लाख भाग विक्रीस काढले आणि ते फ्रान्समधल्या लहान लहान बचतदारांनी घेतले. खर्च अंदाजाबाहेर गेला, रोगराईने हजारो मजूर दगावले आणि १८८९ साली कंपनी बुडाली. आपल्या भागातल्या शेतकऱ्याने कष्टाचे पैसे भागात घालावेत आणि कारखान्याचे धुराडे कधीच पेटू नये, तसे त्या कुटुंबांचे झाले. अखेरीस अमेरिकेने ब्रिटनशी केलेल्या १९०१ च्या नव्या कराराने क्लेटन-बुल्वरचे बंधन सोडवून घेतले आणि कालवा सरकारी तिजोरीतून बांधला.

सर्व राष्ट्रांना समान वागणुकीची अट मात्र त्या नव्या करारातही राहिली. १९१२ च्या कायद्याने अमेरिकेने आपल्या किनारी व्यापाराच्या जहाजांना जकात माफ केली, तेव्हा ब्रिटनने याच अटीवर बोट ठेवले, आणि कालवा खुला होण्याच्या दोन महिने आधी, जून १९१४ मध्ये, अमेरिकेने ती माफी मागे घेतली.