सिस्टम कॉलची आर्ग्युमेंट्स चुकीची का दिसतात?

प्रश्न : फाइल उघडणारा 'ओपनॲट' हा सिस्टम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) मी बीपीएफट्रेसने, म्हणजे लिनक्स कर्नलमध्ये डोकावण्याच्या साधनाने, पाहतो. 64-बिट इंटेल मशीनवर 4.15 कर्नलला केप्रोबमधून (कर्नलच्या आतल्या फंक्शनवर लावलेला पहारा) फाइलचे नाव नीट मिळत होते. 5.15 वर फंक्शनचे नवे नाव घालून तीच स्क्रिप्ट चालवली तर कचरा छापला जातो. ट्रेसपॉइंट (कर्नलमध्ये आधीच ठेवलेली निरीक्षणाची जागा) लावला की नावे येतात, पण मधूनच एखादे रिकामे असते. दोष कुठे आहे?

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत.

कचऱ्याचे मूळ 4.17 कर्नलमध्ये आहे. तेव्हापासून या फंक्शनला सुटी आर्ग्युमेंट्स मिळत नाहीत; जतन केलेल्या रजिस्टरांच्या (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या जागा) रचनेचा पत्ता तेवढा मिळतो. म्हणजे आर्ग-0 (पहिले आर्ग्युमेंट) हा तो पत्ता, आणि तुम्ही वाचता त्या आर्ग-1 मध्ये असंबद्ध उरलेली किंमत. आर्ग-0 ला त्या रचनेचा प्रकार द्या आणि कॉलची आर्ग्युमेंट्स आतल्या या रजिस्टरांतून वाचा : डीआय, एसआय, डीएक्स, आर-10, आर-8, आर-9, याच क्रमाने. चौथे सीएक्समध्ये शोधू नका. 'सिसकॉल' ही प्रोसेसरची सूचना तिथे परतीचा पत्ता लिहून टाकते. फाइलचे नाव एसआयमध्ये. तो पत्ता यूझर मेमरीतला असल्याने बीपीएफट्रेसच्या फंक्शनांपैकी आधी यूपीटीआर (पत्ता यूझर मेमरीतला आहे असे सांगणारे) लावा, मग एसटीआर (मजकूर वाचणारे). डीआयमध्ये 4294967196 दिसले तर घाबरू नका. ते 32-बिट उणे 100 आहे, म्हणजे 'चालू डिरेक्टरी'. चिन्हासह 32-बिट प्रकारात बदलून छापा.

तरीही माझा कौल ट्रेसपॉइंटलाच. कर्नलच्या आतल्या फंक्शनची नावे आणि रचना कधीही बदलू शकतात.

आता रिकामी नावे. कॉल सुरू होताना नाव ज्यात आहे ते पान (मेमरीचा तुकडा) मेमरीत आलेलेच असेल असे नाही, विशेषतः प्रोग्रॅम नुकताच सुरू झाला असेल तेव्हा. इथला बीपीएफ प्रोग्रॅम (बीपीएफट्रेस कर्नलमध्ये चढवते तो कोड) थांबून पान मागवू शकत नाही, त्याचे वाचन उणे 14 ('चुकीचा पत्ता' ही त्रुटी) देऊन फसते आणि हाती रिकामा मजकूर येतो. म्हणून एंटरला (कॉल सुरू होतानाच्या ट्रेसपॉइंटला) फक्त पत्ता मॅपमध्ये (किल्ली-किंमत तक्त्यात) ठेवा, किल्ली म्हणून थ्रेडचा क्रमांक वापरा. एक्झिटला (कॉल संपतानाच्या ट्रेसपॉइंटला) नाव वाचा. तोवर कर्नलने स्वतः ते वाचलेले असते, पान आलेले असते. छापून झाल्यावर नोंद पुसा, नाहीतर मॅप भरत जाईल.

नवा प्रोग्रॅम चालू करणाऱ्या 'एक्झेकव्ही' कॉलला मात्र ही युक्ती लावू नका. तो यशस्वी झाला की जुनी मेमरीच जाते, जपलेला पत्ता निरर्थक ठरतो. शिवाय दुसरा थ्रेड मधल्या क्षणी नाव बदलू शकतो, त्यामुळे छापलेल्या नावावर सुरक्षेचा निर्णय घेऊ नये.

लांब पाथ अर्धवट दिसत असतील तर कारण आणखी वेगळे : बीपीएफट्रेसच्या जुन्या आवृत्त्या मजकूर 64 बाइटला तोडतात. ही मर्यादा वाढवता येते.