नागपुरात आई-बाबांना दुपारी परवडेल असं इटालियन जेवण कुठे मिळेल?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: जागा कोणती, तिघांचं हजाराच्या आत बसेल का, आणि "आई-बाबांना त्यातलं काही कळेल का". मी लिहायला बसले ते या तिसऱ्या वाक्यामुळे.

कळेल. माझ्या आईला पूर्ण कळलं.

आई काटोलकडची. तिला धरमपेठेत पास्ता खायला नेते म्हटल्यावर माझा मोठा भाऊ तिच्यासमोरच म्हणाला, "तिला काय समजते त्यातलं? मैद्यासाठी तीनशे रुपये काहून घालवतेस, थाळी खाऊ घाल." आई काही बोलली नाही. चांगली साडी नेसून माझ्यासोबत निघाली.

व्हाइट सॉसमधला पेने आला. आईने एक नळी काट्याने दाबून पाहिली, एक खाल्ली आणि वेटरला म्हणाली, "काहून एवढं शिजवलं बाबू? पार गिचका झाला याचा." तो म्हणाला, इथे सगळ्यांना असाच आवडतो. आई म्हणाली, "माल चांगला आहे. पाण्यातून उशिरा काढला तुम्ही."

दर उन्हाळ्यात सरगुंडे करणाऱ्या बाईला हे कळणार नाही तर कोणाला कळणार? गव्हाच्या घट्ट पिठाची बारीक वळी करायची, काडीवर गुंडाळत न्यायची, पोकळ नळी अलगद सरकवून काढायची आणि उन्हात वाळवायची. रसाची पंगत बसली की उकळत्या पाण्यात सोडायचे. निथळायला जरा उशीर झाला की सगळे एकमेकांना चिकटले. आईने हे काम लग्नाआधीपासून केलंय. पेनेत वेगळं काय आहे?

वेटरने आतून स्वयंपाक्याला बोलावलं. तरुण मुलगा होता. वाईट वाटून न घेता त्याने ते ताट परत नेलं आणि साधं आल्यो ए ओल्यो करून आणलं: स्पॅगेटी, लसूण, ऑलिव्ह तेल, लाल मिरची. आईने विचारलं, तेल असं खाली का नाही सुटलं? तो म्हणाला, पास्ता उकळलेलं थोडं पाणी त्यात घालतो, त्यात पिठूळपणा उतरलेला असतो, त्याने तेल धरून राहतं. घरी आल्यावर शेजारच्या काकूंना आई ते पाणी किती वेळ समजावून सांगत होती. भावाने विचारलं तेव्हा "बरं होतं" एवढंच म्हणाली.

आणि मैद्याचं म्हणाल तर इटलीत वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे, असा १९६७ पासून कायदा आहे. आपला बन्सी गहू ड्युरमच. ज्या रव्याचा शिरा भाऊ दोनदा मागून घेतो, त्याच जातीचा गहू. हे मी त्याला सांगितलंय. तो विषय बदलतो.

आता जागा. नाव देत नाही, कारण स्वयंपाकी बदलला की चव बदलते. धरमपेठ, रामदासपेठ, सदर या भागांतली छोटी कॅफे बघा, मॉलमधलं नको. सोमवार ते शुक्रवार दुपारी जा, बऱ्याच ठिकाणी तेव्हा जेवणाचे कॉम्बो असतात. एक आल्यो ए ओल्यो, एक अराबियाता (टोमॅटोच्या तिखट सॉसमधला पास्ता), एक साधा मार्गेरिता पिझ्झा असं तिघांत वाटून घ्या, हजारात बसायला हवं. व्हाइट सॉस मागवू नका. जास्त शिजलेला पास्ता त्याखाली झाकून जातो. बिलात सेवाशुल्क आपोआप लावलं असेल तर काढायला सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते जुलै २०२२ मध्येच मना केलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. पाच टक्के जीएसटी मात्र द्यावा लागतो.

मागवताना आई-बाबांच्या हातात मेनू द्या. त्यांच्या वतीने तुम्ही बोलू नका. आणि घरात माझ्या भावासारखं कोणी असेल तर त्याला त्या दिवशी सोबत नेऊ नका, आई मोकळेपणाने खाणार नाही.

तीन गोष्टी राहिल्या. बाबांचे दात हलत असतील तर इटालियन पद्धतीने किंचित कडक ठेवलेला पास्ता त्यांना जड जाईल, थोडा मऊ करून मागा. आणि पिझ्झा मैद्याचाच असतो, तिथे भावाचं खरं आहे. शाकाहारी असाल तर पार्मेजान चीजबद्दल आधी विचारा: अस्सल इटालियन पार्मेजानमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट नावाचं द्रव्य वापरतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दुसरं चीज किसून घालतात, तरी ऑर्डर देतानाच विचारलेलं बरं.