बटर नको, चीज नको, मग डब्यात काय देऊ?

प्रश्न : ताई, मी राजारामपुरीत राहते. माझी मुलगी कॉलेजला आहे, हल्ली ती व्हेगन झालीय म्हणजे दूध दही तूप लोणी मध सगळंच बंद. सकाळी लवकर घर सोडते आणि दुपारी डबा खाते. बटर-चीज नाही म्हणून मी सँडविचात नुसती काकडी-टोमॅटो घालते, पण दुपारपर्यंत सगळा गिचका होतो आणि तिचं पोटही भरत नाही. घरातले म्हणतात कोल्हापुरात राहून दूध सोडायचं म्हणजे काय! सोपं आणि पौष्टिक काहीतरी सांगा.

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे घरातल्यांना सांगा पोरीला बोलू नका, ती विचार करून खातेय ही चांगली गोष्ट आहे. आता गिचका का होतो बघा, बटर चवीला असतंच पण ते ब्रेडवर थर धरतं आणि भाजीचं पाणी आत मुरू देत नाही, तुम्ही बटर काढलं पण त्याच्या जागी काही लावलं नाही. तिथं शेंगदाणा लावा. खमंग भाजलेले दाणे सालं काढून मिक्सरला फिरवत राहायचं, आधी कूट होतं, मग त्याचा गोळा होऊन भांड्याला चिकटतो, तिथं बरेच जण थांबतात आणि पाणी घालतात, ते करू नका. मिक्सर जरा गार होऊ द्या, कडेचं खाली ओढा, परत फिरवा, दाण्याचंच तेल सुटून मऊ लोण्यासारखं होतं. त्यात मीठ आणि चमचाभर खर्डा कालवा, पण खर्डा तव्यावर कोरडा परतलेला हवा. दोन्ही स्लाइसना आतून कडेपर्यंत लावायचं. टोमॅटोच्या चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी टाकून द्या आणि मगच घाला, तेही मधोमध, ब्रेडला चिकटून नको.

पोट भरायला मात्र कडधान्य पाहिजेच. आपण मिसळ ब्रेडच्या स्लाइसबरोबरच खातो की, मग मटकीची उसळ अंगाबरोबर सुकी करून, जराशी ठेचून स्लाइसमध्ये भरायला काय हरकत आहे? वरून कच्चा कांदा आणि लिंबू. कोरडा झुणका तर मला सगळ्यात जास्त आवडतो, फक्त पूर्ण गार झाल्यावर भरा नाहीतर वाफेनं ब्रेड ओला होतो. हमस हमस म्हणतात तेही घरीच होतं, वाटीभर शिजलेले छोले, दोन चमचे भाजलेले तीळ, लसणाची पाकळी, लिंबू, जिरेपूड, थोडं तेल, घट्टच वाटायचं. तीळ बिनपॉलिशचे घ्या, दूध बंद आहे तर कॅल्शियम कुठूनतरी यायला पाहिजे ना, नाचणीची भाकरी पण जेवणात असू द्या. ओल्या खोबऱ्याची चटणी डब्यात नको, उन्हाळ्यात आंबते.

लिंबू पिळाच, त्यानं कडधान्यातलं लोह अंगी लागतं. डब्यानंतर लगेच चहा पिऊ नये म्हणावं, त्यानं उलटं होतं.

आणि एक गोष्ट मनावर घ्या, व्हिटॅमिन बी१२ वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही, कितीही चांगला डबा दिला तरी. डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा, हे टाळू नका.

प्रश्न : पाकिटावर हिरवा ठिपका असला की व्हेगन समजायचं का?

उत्तर : नाही. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध, लोणी, मध चालतं. व्हेगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, वेगळे नियम २०२२ मध्ये आले, हिरव्या व्ही अक्षराचं चिन्ह असतं ते बघा. चिन्ह नसेल तर मागची यादी वाचा, ब्रेडमध्ये मिल्क सॉलिड्स असू शकतात. बेकरीतून सुटा पाव घेताना वरून दूध किंवा बटर लावलंय का ते सरळ विचारायचं. ब्राऊन ब्रेडच्या रंगावर जाऊ नका, यादीत पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं आहे की मैद्याचं ते महत्त्वाचं.

प्रश्न : मी तालमीत जातो, व्हेगन व्हायचंय पण ताकद कमी होईल अशी भीती वाटते. सँडविचात प्रोटीन कशातून घेऊ?

उत्तर : भावा, सोयाबीनच्या बारीक वड्या आण. सुक्या १०० ग्रॅम वड्यांत साधारण ५० ग्रॅम प्रोटीन असतं. गरम पाण्यात फुगवून घट्ट पिळायच्या, परत गार पाण्यात धुऊन परत पिळायच्या, म्हणजे तो उग्र वास जातो. मग कांदा तेलात चांगला लाल करून आलं-लसूण, आपली कांदा-लसूण चटणी आणि सुकं खोबरं भाजून वाटून घाल आणि मटणाचं सुक्कं करतात तसं पाणी न घालता परतत राहा. कडेला तेल सुटलं की झालं, चपातीत गुंडाळ नाहीतर स्लाइसात भर. एकदम रोजचं दूध-अंडी बंद करू नको, आधी काही दिवस हे सुरू कर आणि वस्तादांना सांगूनच पुढचं ठरव, मेहनत किती चाललीय ते त्यांना माहीत असतं.